वचन कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितलं? बायबलचा उतारा संदर्भासह वाचण्याची रीत

नव्या दुकानाच्या पत्रिकेवर, वचनकार्डावर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर एक वचन पुष्कळदा छापलेलं दिसतं. तुझी सुरुवात लहान असली तरी तुझा शेवट फार भरभराटीचा होईल, अशा अर्थाचं. खाली संदर्भ असतो ईयोब ८:७. आता बायबल उघडून त्याच अध्यायाची पहिली ओळ वाचा. इथे देव बोलत नाही, ईयोबाचा मित्र बिल्दद शूही बोलतो आहे. ईयोबाचे सात मुलगे आणि तीन मुली घर कोसळून मेल्या आहेत, त्याचं अंग फोडांनी भरलं आहे, आणि चौथ्या वचनात बिल्दद त्याला सुनावतो की तुझ्या मुलांनी पाप केलं म्हणून देवाने त्यांना त्यांच्या अपराधाच्या हवाली केलं. सातवं वचन त्याच बोलण्याचा पुढचा तुकडा आहे: तू शुद्ध असशील तर देव तुला वर काढेल. आणि ४२:७ मध्ये देव ईयोबाच्या दुसऱ्या मित्राला, अलीफजाला, सांगतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत.

ईयोबाचा शेवट खरोखरच सुरुवातीपेक्षा समृद्ध झाला (४२:१२). पण तो बिल्ददच्या हिशोबाने नाही. ‘दुःख आलं म्हणजे पाप केलंच असणार’ हा तो हिशोब, आणि अख्खं पुस्तक त्याच्याविरुद्ध उभं आहे. सुटं काढलेलं वचन आपल्याबरोबर तोच हिशोब घरात आणतं आणि एखाद्याच्या घरी मूल दगावलं की तो बाहेर पडतो. म्हणून ही रीत शिकून घ्यायची.

हाताशी काय हवं

संदर्भ आणि तळटिपा असलेलं एक मराठी बायबल. दुसरं एक वेगळं भाषांतर, कारण दोन भाषांतरं जिथे वेगळी पडतात तिथेच मुळात काहीतरी विचार करण्यासारखं असतं. बायबल सोसायटीचं प्रचलित भाषांतर आणि त्याच्या जोडीला सोप्या मराठीतलं एक, एवढ्यावर काम भागतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर मिळालं तर तेही ठेवा. एक वही, पेन्सिल आणि सलग एक तास. भाष्यग्रंथ आणि मोबाइल पहिल्या तासात बाजूला राहू द्या.

पायरी १: उतारा कुठे सुरू होतो, कुठे संपतो

अध्यायांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी १३ व्या शतकाच्या सुरुवातीची, कँटरबरीचा आर्चबिशप स्टीफन लँग्टन याच्या नावावर असलेली. नव्या करारातले वचनांचे आकडे रॉबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. ठळक अक्षरांतले मथळे तर प्रकाशकांचे. जागा शोधायला हे सगळं उत्तम, पण अर्थ लावताना आकडे कुंपणासारखे आड येतात.

यशयाचा ५३ वा अध्याय घ्या. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं ते गीत प्रत्यक्षात ५२:१३ पासून सुरू होतं. जो ५३:१ पासून वाचतो त्याला ‘माझा सेवक’ हे देवाचे शब्द आणि तो फार उंचावला जाईल ही घोषणा सुरुवातीला मिळतच नाही. गीत उंचावण्यापासून सुरू होऊन खाली उतरतं आणि पुन्हा वर चढतं. हा आकारच हातातून जातो.

उपाय अगदी साधा. उतारा वहीत हाताने उतरवा, आकडे आणि मथळे गाळून. दहा-पंधरा वचनांना वीस मिनिटं लागतात. जागा बदलली, वेळ बदलली, नवी माणसं आली किंवा विषय फिरला, तिथे रेघ मारा. दोन रेघांमधला भाग हा तुमचा उतारा. त्याहून लहान तुकड्याचा अर्थ लावायला बसू नका.

पायरी २: पुस्तक एका बैठकीत

फिलेमोनाला पत्र २५ वचनांचं आहे, योना ४८ वचनांचं, रूथ ८५ आणि फिलिप्पैकरांस पत्र १०४ वचनांचं. यातलं कुठलंही अर्ध्या तासात वाचून होतं. मोठं पुस्तक असेल तर निदान मागचे दोन आणि पुढचे दोन अध्याय वाचा.

फिलिप्पैकरांस ४:१३, म्हणजे ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करायला शक्तिमान आहे’, हे परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या टेबलावर चिकटवलेलं असतं. पत्र सलग वाचलं की कळतं, पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे आणि तो तिच्याबद्दल लिहितो आहे. आधीच्या दोन वचनांत तो म्हणतो की पोटभर असणं आणि उपाशी असणं, विपुलता आणि टंचाई, दोन्हीत राहायला मी शिकलो आहे. ‘सर्वकाही’ म्हणजे हे. मार्क कमी पडले तरी ज्याच्या आधाराने माणूस उभा राहतो, ते हे वचन आहे. मुलाला त्या दिवशी ते जास्त लागणार आहे.

पायरी ३: बोलणारा कोण, ऐकणारा कोण

उताऱ्याच्या समासात दोन नावं लिहा. बोलणारा देव आहे, संदेष्टा आहे, निवेदक आहे, की बिल्ददसारखा चुकीचं बोलणारा माणूस? मत्तय ४:६ मध्ये तर सैतान स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो, आणि ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझं रक्षण करण्यासाठी’ एवढे शब्द मधूनच गाळतो. येशू त्याला जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या एका वचनाने उत्तर देतो (अनुवाद ६:१६). वचनाला वचनाने जागेवर बसवणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

ऐकणारा ओळखायला मराठी वाचकाकडे एक चांगलं साधन आहे. हिब्रू आणि ग्रीकमध्ये एकवचनी आणि अनेकवचनी ‘तू-तुम्ही’ वेगळे असतात, आणि मराठीत ते उतरतात. लूक २२:३१-३२ पाहा. सैतानाने ‘तुम्हांला’ गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, म्हणजे सगळ्या शिष्यांना. मग लगेच ‘तुझा’ विश्वास ढळू नये म्हणून ‘तुझ्यासाठी’ मी विनंती केली आहे, हे एकट्या शिमोनाला. चाळणी सर्वांसाठी, प्रार्थना एकासाठी, आणि त्या एकाने फिरून आपल्या भावांना स्थिर करायचं आहे. १ करिंथ ३:१६ मधलं ‘तुम्ही देवाचं मंदिर आहात’ हेसुद्धा अनेकवचन आहे. पूर्ण मंडळी मिळून एक मंदिर. तिथे ‘तुम्ही’ आदरार्थी समजून स्वतःपुरतं घेतलं की फूट पाडणाऱ्यांना दिलेला तो इशारा दिसेनासा होतो.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांच्याबाबतीत मात्र उलट सावध राहायचं. हा भेद मराठीत आहे, ग्रीकमध्ये नाही. पौल लिहितो एकच शब्द, आणि त्यात वाचकही धरायचे की नाहीत हे भाषांतरकाराला ठरवावं लागतं. करिंथकरांस दुसरं पत्र वाचताना दोन भाषांतरं शेजारी ठेवा. एकात ‘आम्ही’ आणि दुसऱ्यात ‘आपण’ दिसलं तर त्या शब्दावर मोठा सिद्धांत उभा करू नका.

पायरी ४: लिखाणाचा प्रकार

आपण म्हण, बातमी आणि अभंग एकाच कानाने ऐकत नाही. इथेही तसंच.

नीतिसूत्रं म्हणजे अनुभवाचं सार. २६:४ सांगतं की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ सांगतं की दे. संपादकाची ही चूक नाही. आपल्याकडे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ आहे आणि ‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही’ हेही आहे. कधी कुठली वापरायची, तेच शहाणपण. २२:६ मधलं मुलाला योग्य मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे तो म्हातारपणीही त्यापासून वळणार नाही, हेसुद्धा याच जातीचं आहे. ते हमीपत्र म्हणून वाचलं की ज्यांचं मूल भरकटलं त्या आईबापांवर दुहेरी ओझं पडतं.

काव्यात ओळी जोडीने येतात. दुसरी ओळ पहिलीचाच विचार पुन्हा मांडते, वाढवते किंवा उलटवते. ओवीत यमक बघतो तसं इथे विचाराची जोडी बघायची. स्तोत्र ११९:१०५ मध्ये वचन पावलांसाठी दिवा आहे आणि मार्गावर प्रकाश आहे. ही दोन वेगळी दानं नाहीत. दिवा आणि प्रकाश यांचे वेगवेगळे गूढार्थ काढणं हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा.

कथेत जे घडलं ते सगळंच करायचं नसतं. शास्ते ६ मध्ये गिदोन लोकर ठेवून देवाकडे खूण मागतो. तो स्वतःच म्हणतो, ‘तू सांगितल्याप्रमाणे’ (६:३६). वचन आधीच मिळालं होतं, भीती गेली नव्हती. निर्णय घेण्याची पद्धत म्हणून ‘लोकर ठेवा’ असं कोणी शिकवत असेल तर त्याला ६:१४-१६ वाचून दाखवा. दृष्टांत, पत्रं आणि प्रकटीकरणासारखं चिन्हांनी भरलेलं लिखाण यांचे आपापले नियम आहेत. सुरुवातीला प्रकटीकरण नंतरसाठी ठेवा.

पायरी ५: जोडणारे शब्द

‘म्हणून’, ‘कारण’, ‘परंतु’, ‘यास्तव’ या प्रत्येकाभोवती गोल करा आणि बाण काढून तो कशाला जोडतो ते दाखवा. रोमकरांस १२:१ ची सुरुवात ‘म्हणून’ अशा अर्थाच्या शब्दाने होते, आणि त्याच्या मागे ११ अध्याय उभे आहेत. ते न वाचता बारावा अध्याय शिकवला की तो नुसत्या सूचनांची यादी होतो.

मत्तय १८:२० छोट्या प्रार्थनासभेत नेहमी ऐकू येतं: दोघं किंवा तिघं माझ्या नावाने जमतात तिथे मी आहे. हे वचनही ‘कारण’ने आधीच्याला जोडलेलं आहे. बाण मागे नेत गेलं की आपण १५ व्या वचनापाशी पोचतो: तुझ्या भावाने अपराध केला तर त्याला एकांतात दाखव. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना बरोबर घे, म्हणजे दोघा-तिघा साक्षीदारांच्या तोंडून गोष्ट शाबीत होईल. हा अनुवाद १९:१५ चा नियम. ‘दोघं-तिघं’ आले ते तिथून. मंडळीतलं भांडण मिटवण्याच्या अवघड कामात मी तुमच्यात आहे, हे या वचनाचं मूळ ठिकाण. कमी हजेरीचं सांत्वन म्हणून ते वापरलं की ती अवघड वचनं कोणी उघडतच नाही.

पायरी ६: मराठी शब्दांचे सापळे

ही पायरी इंग्रजीतल्या पुस्तकांत मिळणार नाही, म्हणून जरा थांबून.

‘तारण’ म्हटलं की आज आधी आठवतं सोनं तारण, घर तारण. बायबलमधलं तारण म्हणजे ‘देव तारी त्याला कोण मारी’ मधलं तारणं, बुडत्याला बाहेर काढणं. गहाणाची कल्पना त्यात नाही. ‘करार’ म्हटलं की भाडेकरार डोळ्यांपुढे येतो, अकरा महिन्यांचा. जुना आणि नवा करार यांतला करार हे निष्ठेचं नातं आहे, शपथेने बांधलेलं, मोडलं तर जिवाशी येणारं. ‘आम्हांला परीक्षेत आणू नको’ यातली परीक्षा म्हणजे मोह, कसोटी. आणि ‘अनुवाद’ हे जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचं नाव आहे, तिथे नियमशास्त्र नव्या पिढीला पुन्हा सांगितलं आहे.

‘देह’ तर सर्वांत फसवा. योहान १:१४ मध्ये शब्द देही झाला. गलतीकरांस ५:१९ मध्ये देहाची कर्मं म्हणजे पापांची यादी येते. मूळ ग्रीक शब्द दोन्हीकडे एकच, ‘सार्क्स’. पहिल्या ठिकाणी तो खऱ्या हाडामांसाच्या माणूसपणाविषयी आहे. दुसऱ्या ठिकाणी देवाविरुद्ध ओढणाऱ्या वृत्तीविषयी, आणि त्या यादीत मत्सर आणि तट पाडणंही आहे, ज्यांचा शरीराशी तसा संबंध नाही. काही भाषांतरं तिथे ‘देहस्वभाव’ म्हणतात ती यासाठीच. शरीरच वाईट आहे, असा निष्कर्ष या वचनातून निघत नाही. शब्दकोशातले सगळे अर्थ एका वचनात कोंबायचे नाहीत. वाक्याला जो लागतो तेवढाच घ्यायचा.

पायरी ७: पार्श्वभूमी, पण तपासून

पार्श्वभूमी आधी बायबलमध्येच शोधा. मत्तय २०:२ मध्ये दिवसाची मजुरी एक दिनार ठरते. ते माहीत असलं की लूक १०:३५ मधल्या चांगल्या शमरोन्याने धर्मशाळावाल्याला दिलेले दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हे कळतं. नंतर नकाशा घ्या. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर वर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली. त्या गोष्टीतला वाटसरू यरुशलेमहून यरीहोला ‘खाली जात होता’ (१०:३०) हे अगदी शब्दशः खरं आहे.

ऐकीव पार्श्वभूमी मात्र घेऊ नका. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो (मत्तय १९:२४). यरुशलेमला ‘सुईचं नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि उंट गुडघे टेकून, ओझं उतरवून त्यातून जायचा, असं उपदेशांत सांगतात. येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा कुठलाही पुरावा नाही. आणि पुराव्याआधी उताराच ते नाकारतो. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे (मत्तय १९:२५-२६). उंट गुडघे टेकून जाऊ शकत असता तर ‘अशक्य’ कशाला? शिवणाच्या सुईचं नेढंच ते, राजगडाचं नव्हे. ही खूणगाठ बांधा: जी माहिती उताऱ्याची धार बोथट करते, ती दोनदा तपासायची.

पायरी ८: सगळं एकत्र, यिर्मया २९:११ वर

हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत, पुढच्या आशेचे. बहुतेक जण हे पाठ म्हणतात. आता वहीतलं काम असं दिसेल.

उतारा: २९:१ ते १४. प्रकार: पत्र, आणि त्यातली देवाची वाणी. बोलणारा: देव, यिर्मयाद्वारे. ऐकणारे: इ. स. पू. ५९७ मध्ये यकन्या राजाबरोबर नबुखद्नेस्सराने बाबेलला नेलेले लोक. ‘तुमच्याविषयी’ हे अनेकवचन. शेजार: २८ व्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केलं आहे की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मया लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित चिंता. दहावं वचन सांगतं, ७० वर्षं. मग अकरावं येतं.

आता वहीत एकच वाक्य लिहायचं, भूतकाळात आणि नावानिशी: ‘लवकर सुटका होईल या खोट्या आशेला धरून बसलेल्या बंदिवान लोकांना देवाने सांगितलं की सुटका नक्की आहे पण ७० वर्षांनी, तोवर इथेच नांदा.’ हे वाक्य वीस-पंचवीस शब्दांत बसत नसेल तर उतारा अजून कळलेला नाही. मागच्या पायऱ्यांवर परत जा.

यानंतरच ‘मला काय?’ हा प्रश्न. त्या लोकांत आणि आपल्यात काय वेगळं आहे ते लिहा: ७० वर्षांचा आकडा त्यांचा होता, यहूदाला परतणंही त्यांचं. काय सारखं आहे तेही लिहा: देवाचा स्वभाव, वाट बघणं, सोपं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचा मोह. पत्र ऐकणाऱ्या पोक्तांपैकी बहुतेक जण परत जाण्याआधीच बाबेलात मरणार होते, तरी वचन त्यांनाच उद्देशून होतं. म्हणून हे वचन पुढच्या महिन्यातल्या नोकरीची खात्री देत नाही. नोकरी नसलेल्या दिवसांतही घर बांधायला, झाड लावायला आणि शेजाऱ्याचं भलं बघायला ते सांगतं.

पायरी ९: आता भाष्यग्रंथ, आणि माणसं

तुमचं वाक्य लिहून झालं की भाष्य उघडा. आधी उघडलं तर तेच तुमच्या डोळ्यांनी वाचू लागतं. तुमचा अर्थ दोन हजार वर्षांत कोणालाच सुचला नसेल तर तो चुकीचा असण्याची शक्यता जवळजवळ पूर्ण आहे. मग तो पाळकांना, अभ्यासगटाला ऐकवा, आणि शक्य असेल तर ज्यांच्यावर त्या वचनाचा घाव पडू शकतो अशांनाही: आजारी माणूस, विधवा, कर्जात असलेला. बिल्ददने ईयोबाला काही विचारलं नव्हतं.

कुठून सुरू करायचं? पहिल्या आठवड्यात फिलेमोन, रोज एकदा सलग. दुसऱ्यात योना, आणि ४:११ मधल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तक देत नाही, याकडे लक्ष ठेवून. तिसऱ्यात रूथ. चौथ्यात फिलिप्पैकरांस. ईयोबाला हात घालाल तेव्हा प्रत्येक अध्यायाच्या समासात आधी बोलणाऱ्याचं नाव लिहा, ४२ अध्यायांत, आणि मगच पहिलं वचन अधोरेखित करा.